चौदा टक्के इओसिनोफिल

दादाच्या कंपनीत दरवर्षी मार्चमध्ये सगळ्यांची रक्ततपासणी होते. यंदाच्या त्याच्या रिपोर्टमध्ये एकच ओळ ठळक छापलेली होती : इओसिनोफिल १४ टक्के. एकूण पांढऱ्या पेशी ८,२००, म्हणजे हिशेबानं दर मायक्रोलिटरमागं साडेअकराशेच्या आसपास इओसिनोफिल. पाचशेच्या आत असायला हवेत. आयजीईही वाढलेलं. दादा छत्तीस वर्षांचा, धडधाकट, रविवारी पहाटे सिंहगड चढून येणारा. ज्या दवाखान्यात तो रिपोर्ट घेऊन गेला तिथं ‘ॲलर्जी आहे’ असं सांगून दोन आठवड्यांच्या स्टेरॉईडच्या गोळ्या लिहून दिल्या. ती चिठ्ठी खिशात घेऊनच तो माझ्याबरोबर नाशिकला आत्याकडं आला.

आत्या एकतीस वर्षं सरकारी नोकरीत डॉक्टर होती. त्यातली बरीचशी वर्षं जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. मी पुण्याला प्रयोगशाळेत काम करते. जंत आणि माणसाची प्रतिकारशक्ती हाच माझा विषय. या विषयावर आम्हा दोघींचं कधी पटलेलं नाही. त्या दुपारी जे बोलणं झालं, ते परतीच्या बसमध्ये मी आठवेल तसं लिहून काढलं.

आत्या परातीत कोथिंबीर धूत होती. तिसरं पाणी ओतून दिलं, हात पुसले आणि चष्मा लावून रिपोर्ट वाचला.

“गोळ्या सुरू केल्यास?”

“उद्यापासून करणार,” दादा म्हणाला.

“करू नकोस. आधी सांग, अनवाणी कुठं चालतोस?”

दादानं दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर भोरजवळ जमीन घेतली आहे. जुलैत भाताच्या लावणीला ही सगळी मंडळी हौसेनं चिखलात उतरतात. आत्यानं मान हलवली. “आणि खाज? कमरेभोवती, बसायच्या जागी? एक लांबट लाल रेघ उठते, पुढं सरकते आणि काही तासांत जाते?”

दादा माझ्याकडं बघायला लागला. हे त्यानं मलाही सांगितलेलं नव्हतं.

“बघ,” आत्या मला म्हणाली, “तुझे जुने सोबती.”

हा शब्द माझा नव्हे. लंडनचे ग्रॅहम रूक यांनी २००३ च्या सुमारास तो वापरला. माणसाच्या प्रतिकारशक्तीनं ज्यांच्या सहवासात लाखो वर्षं काढली ते जंत आणि जिवाणू म्हणजे जुने सोबती, ते अचानक नाहीसे झाले की प्रतिकारशक्ती बिथरते, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मार्च १९५८ मध्ये जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली होती. ज्या घरात भावंडं जास्त, विशेषतः मोठी भावंडं, त्या घरातल्या मुलांना परागज्वर कमी. तिथून हा सगळा विचार सुरू झाला. माझ्या एका व्याख्यानाला आत्या पहिल्या रांगेत बसली होती, आणि ‘जुने सोबती’ ऐकल्यापासून तिनं तो शब्द मनाला लावून घेतला होता.

“तुला मी एका मुलीची गोष्ट कधी सांगितली नाही,” ती म्हणाली. “पाच वर्षांची असेल. आईनं पाठुंगळीला मारून आणली, आठ किलोमीटर चालत. पोट फुगलेलं, टणक. दोन दिवस शी नाही, वारा सरत नाही, हिरवी उलटी. हात ठेवला तर बेंबीच्या उजव्या अंगाला पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी लागलं. दाबलं की बोटाखाली किंचित आकार बदलायचं. जीपनं जिल्ह्याला नेली. आतड्यात जंतांचा गुंता अडकला होता. सर्जननी आतडं उघडलं आणि एकेक चिमट्यानं काढून ट्रेमध्ये टाकायला लागले. फिकट गुलाबी, पेन्सिलीएवढे जाड, काही माझ्या वितीपेक्षा लांब. नर्सनं साठापर्यंत मोजले, मग मोजणं सोडून दिलं. मुलगी वाचली. पण तिच्या ताटातलं अन्न किती महिने तिच्या अंगी लागलं नसेल, याचा हिशेब तू कुठल्या यंत्रावर करतेस?”

मी लगेच काही बोलले नाही. हे चित्र ज्यानं पाहिलं आहे त्याच्यापुढं ‘सहवास’ हा शब्द उच्चारायला जड जातो.

“आत्या, त्या मुलीवरून आपलं भांडणच नाही,” मी शेवटी म्हणाले. “पोटात ढीगभर जंत असले तर ते काढलेच पाहिजेत. मी बोलते ते दुसऱ्या माणसाबद्दल. जगात जवळजवळ दीड अब्ज लोकांच्या पोटात मातीतून येणारे जंत आहेत. त्यातले बहुतेक हिंडतेफिरते, कामाधामाचे आहेत. पोटात चार-सहा जंत आणि तब्येतीची काही तक्रार नाही. त्या माणसाच्या रक्तात काय चाललंय ते मला बघायचं असतं. कारण तिथं जे दिसतं ते आजारी माणसाच्या रक्तात दिसत नाही आणि जंत नसलेल्या माणसाच्या रक्तातही दिसत नाही.”

“काय दिसतं?”

“शांतता.”

आत्यानं भुवई वर केली. दादाही पुढं सरकून बसला. त्याच्या रिपोर्टवरच्या ठळक ओळीचा अर्थ त्याला हवा होता.

मी त्याला सांगितलं ते असं. जिवाणू लहान असतो, पांढरी पेशी त्याला गिळते. वीतभर लांबीचा जंत पेशी कशी गिळणार? म्हणून शरीरानं जंतांसाठी लढाईची निराळी तऱ्हा काढली. आतड्यात चिकट स्राव वाढवायचा, आयजीई ही प्रतिपिंडं तयार करायची आणि इओसिनोफिल पाठवायचे. ही पेशी पॉल एर्लिख यांनी १८७९ साली ओळखली. इओसिन नावाचा रंग घातला की तिच्यातले दाणे नारिंगी-गुलाबी उजळतात आणि मधलं केंद्रक चष्म्याच्या दोन काचांसारखं दिसतं. मी रोज पाहते, तरी दर वेळी थांबून पाहावंसं वाटतं. हे झालं शरीराच्या बाजूनं. जंताच्या बाजूनं असं, की तो काही पदार्थ सोडत राहतो आणि शरीरातल्या आवर घालणाऱ्या पेशी जाग्या करतो. त्यांना नियंत्रक टी पेशी म्हणतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच पेशींच्या शोधाला मिळालं. त्या जाग्या झाल्या की आयएल-१० सारखे शमन करणारे संदेश वाढतात आणि लढाई धुमसत राहते, भडकत नाही. जंत जगतो, माणूसही जगतो.

“म्हणजे चोरानं राखणदाराला अफू दिली,” आत्या म्हणाली.

“पण त्या अफूचा फायदा घरालाही होतो, आत्या. ब्यूनोस आयर्सला होर्हे कोरेआले नावाचे डॉक्टर आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार तुला माहीत आहे, स्वतःचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंचं आवरण खाते. त्यांनी जंत असलेले बारा रुग्ण आणि जंत नसलेले बारा रुग्ण साडेचार वर्षांहून जास्त काळ पाहिले. जंतवाल्यांचा आजार फार कमी वेळा उसळला. त्यातल्या चौघांना पुढं जंतांचा त्रास व्हायला लागला म्हणून औषध द्यावं लागलं. औषध दिलं, नियंत्रक पेशी घटल्या आणि आजार परत डोकं वर काढायला लागला.”

“चोवीस माणसं,” आत्या म्हणाली.

“चोवीसच. पण मग इंडोनेशियाचं फ्लोरेस बेट घे. तिथल्या नांगापांडा भागात घरंच्या घरं निवडून निम्म्या घरांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तुझी जंतांवरची गोळी, आल्बेंडाझोल, दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. जंत उतरल्यावर रक्तातल्या पेशी जास्त जोमानं प्रतिसाद द्यायला लागल्या. दुसऱ्या एका चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली आला : ज्यांच्या पोटात खरंच जंत होते, त्यांच्यात औषधानंतर इन्सुलिनला होणारा विरोध वाढला. थोडा, पण वाढला. आपल्याकडं चेन्नईला २०१० मध्ये दिसलं की मधुमेह असलेल्यांत हत्तीरोगाच्या जंतांचं प्रमाण कमी आहे. आणि युगांडात एन्टेबेला गरोदर बायकांना आल्बेंडाझोल दिली तर त्यांच्या बाळांना इसब जास्त झाला. आत्या, दर फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये तुम्ही गोळी दिलीत आणि वाटलं की पोटातून काहीतरी काढलं. पण त्याच वेळी रक्तातूनही काहीतरी निघून गेलं. ते काय होतं, एवढंच मी विचारते.”

मला वाटलं होतं ती चिडेल. ती आत गेली आणि चहाचं आधण ठेवून आली.

“तू सांगितलंस ते मी नाकारत नाही,” ती म्हणाली. “आता माझं ऐक. तुझी ही शांतता फक्त ॲलर्जीपुरती राहते का? आमच्या पाड्यांवर क्षय होता. बीसीजी टोचली तरी होता. इथिओपियात २००१ साली मोठ्या माणसांवर काम झालं, तूच मला तो लेख पाठवला होतास. जंतांच्या सहवासात राहिलेली माणसं घेतली, काहींना आल्बेंडाझोल दिली, काहींना नाही. मग सगळ्यांना बीसीजी टोचली. ज्यांचे जंत काढले होते त्यांच्या पेशींनी लशीला चांगला प्रतिसाद दिला. इक्वेडोरमध्येही तसंच. मुलांच्या पोटातला गोलकृमी आधी काढला तर पटकीची तोंडावाटे द्यायची लस अधिक लागू पडली. राखणदार झोपला की तो सगळ्याच चोरांसाठी झोपतो. इंग्लंडातल्या माणसाला परागज्वराची काळजी असेल. माझ्या पेशंटला क्षयाची होती.”

याला माझ्याकडं उत्तर होतं, पण अर्धंच. युगांडातल्या त्याच अभ्यासात आईला औषध देऊन बाळाच्या लशींच्या प्रतिसादात फरक पडला नाही. ते मी सांगितलं. पण इथिओपियाचे आकडे मला खोडून काढता येत नाहीत, आणि काढायचेही नाहीत.

“आणि उपचार म्हणून?” तिनं विचारलं. “जंत पाजून कुणी बरं झालं?”

इथं मला खरं ते सांगणं भाग होतं. डुकराच्या चाबूककृमीची अडीच हजार अंडी दर तीन आठवड्यांनी पाजून क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांना बरं वाटल्याचं २००५ साली अमेरिकेत दिसलं आणि आमच्या क्षेत्रात केवढा उत्साह संचारला! पुढं तोच उपाय साध्या गोळीशी तुलना करून मोठ्या चाचणीत पारखला, तेव्हा फायदा दिसला नाही. डेन्मार्कमध्ये परागज्वराच्या शंभर रुग्णांवर करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. नॉटिंगहॅमला दम्याच्या रुग्णांच्या कातडीवर अंकुशकृमीच्या दहा-दहा अळ्या सोडल्या. दहा अळ्यांनी अपाय झाला नाही, दमाही हटला नाही.

“नॉटिंगहॅमच्या त्या माणसांनी सही करून अळ्या घेतल्या,” आत्या म्हणाली. “डॉक्टर शेजारी, औषध कपाटात, नको वाटलं की गोळी. माझ्या पाड्यावरच्या बाईला कुणी विचारलं होतं? तिच्या घराला संडास नव्हता म्हणून तिच्या पोटात जंत होते. तिच्या रक्तातली शांतता बघून आपण हरखून जायचं, हे मला सहन होत नाही. तुझा राग नाही येत. पण सहन होत नाही.”

हे तिचं वाक्य मी बसमध्ये सगळ्यात आधी लिहिलं.

दादाला मात्र स्वतःचं उत्तर अजून मिळालेलं नव्हतं. “तुमचं चालू द्या,” तो म्हणाला, “पण मला ॲलर्जी आहे की जंत?”

इथून पुढं आम्ही दोघी एका बाजूला आलो.

आयजीई वाढलं की ॲलर्जी, हे शहरातल्या दवाखान्यात सर्रास धरलं जातं. पण आयजीई मुळात जंतांशी लढायला वापरलं जाणारं हत्यार आहे. शिवाय मोठ्या गोलकृमीच्या स्नायूंतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन घरातल्या धुळीच्या किड्याच्या प्रथिनाशी बरंच मिळतंजुळतं असतं. एकाविरुद्ध झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यालाही चिकटतात. धुळीची ॲलर्जी म्हणून जे कागदावर येतं ते कधीकधी पोटातल्या जंताचं प्रतिबिंब असतं. सगळे जंत सारखेही नसतात. जगभरचे अभ्यास एकत्र करून २००६ साली जो निष्कर्ष निघाला त्यात अंकुशकृमी असलेल्यांत दम्याची शक्यता निम्म्यानं कमी होती, आणि मोठा गोलकृमी असलेल्यांत उलट साधारण एक तृतीयांशानं जास्त. माझ्या ‘जुन्या सोबत्यांत’ हा एक बसत नाही, हे मी आत्याला त्या दिवशी कबूल केलं.

कारण त्याच्या प्रवासात आहे. अंडं मातीत दोन-चार आठवडे पिकतं, न धुतलेल्या भाजीबरोबर किंवा मातीच्या हातानं पोटात जातं. आतड्यात अळी निघते, आतड्याची भिंत भेदून रक्तातून यकृतात, तिथून फुप्फुसात जाते. श्वासनलिकेतून घशाशी येते, गिळली जाते आणि मगच आतड्यात येऊन जंत होते. जपानच्या शिमेसु कोइनो या बालरोगतज्ज्ञानं १९२२ साली स्वतः दोन हजार अंडी गिळली आणि स्वतःच्याच थुंकीत अळ्या शोधल्या. स्वित्झर्लंडच्या लोफ्लरनी १९३२ साली एक्स-रेवर येणारे-जाणारे डाग आणि वाढलेले इओसिनोफिल यांची सांगड घातली, तोही बहुधा याच प्रवासाचा माग.

“आणि म्हणूनच घोटाळा होतो,” आत्या म्हणाली. “अळी अंगात फिरत असते तेव्हा इओसिनोफिल उसळतात, पण शौचात अंडी नसतात. अंडी दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि तोवर इओसिनोफिल उतरलेले असतात. मग लॅबवाला लिहितो, अंडी आढळली नाहीत. डॉक्टर म्हणतो, चला, जंत नाहीत, ॲलर्जी आहे.”

गोलकृमीचं अंडं एकदा पाहिलं की विसरत नाही. तपकिरी-सोनेरी, पित्तानं रंगलेलं, वरची साल फणसासारखी खडबडीत. पण ते दिसायला हवं तर मादी तिथं हवी. असली की ती दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते.

दादाच्या बाबतीत मात्र आत्याचा संशय वेगळ्याच जंतावर होता. स्ट्राँगिलॉइडिस. हाही गोलकृमीच, पण मादी जेमतेम दोन मिलिमीटरची. अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. कमरेभोवती सरकणारी ती रेघ तिचीच खूण. या जंताची एक रीत इतरांहून निराळी आहे : तो माणसाच्या आतच आपली पुढची पिढी वाढवतो, नव्यानं मातीत पाय घालायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांच्या अंगात तो तीस-चाळीस वर्षांनीही सापडला. तेवढा काळ ती माणसं आपापल्या देशात निरोगी म्हणूनच वावरत होती.

“ही तुझी शांतता,” आत्या मला म्हणाली, या वेळी हलक्या आवाजात. “चाळीस वर्षं टिकते. आणि मग कुणीतरी दम्यासाठी, सांध्यासाठी, ॲलर्जीसाठी स्टेरॉईड देतो.”

स्टेरॉईडनं इओसिनोफिल खाली येतात. रिपोर्ट सुधारतो, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही बरं वाटतं. पण राखण उठलेली असते. अळ्या बेसुमार वाढतात, आतडं भेदून फुप्फुसात आणि थेट मेंदूपर्यंत जातात, जाताना आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. त्यातून वाचणं अवघड असतं. कोविडच्या काळात डेक्सामेथासोन सर्रास दिलं गेलं, तेव्हा तज्ज्ञांनी याच कारणासाठी धोक्याची सूचना दिली होती.

दादानं खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. आत्यानं ती घडी घालून चष्म्याच्या डबीखाली सरकवली.

राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी २०१५ पासून आपल्याकडं पाळला जातो आणि १ ते १९ वर्षांच्या मुलांना गोळी मिळते. गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीत मिळते. हत्तीरोगाच्या मोहिमेत गडचिरोली-चंद्रपूरकडं मोठ्यांनाही मिळते. एरवी छत्तीस वर्षांचा धडधाकट पुरुष कुणाच्या यादीत नसतो. आणि स्ट्राँगिलॉइडिसला आल्बेंडाझोलची एक गोळी पुरत नाही, आयव्हरमेक्टिन लागतं. हे औषध शोधणाऱ्या विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चं नोबेल मिळालं, तेव्हा आत्या फोन करून माझ्याशी अर्धा तास बोलली होती. निवृत्त झालेल्या बाईच्या आवाजात इतका आनंद मी त्याआधी ऐकला नव्हता.

पुण्यात आल्यावर दादाचं शौच तीन वेगवेगळ्या दिवशी तपासलं. तिन्ही वेळा काही सापडलं नाही. रक्तातली स्ट्राँगिलॉइडिसविरुद्धची प्रतिपिंडं मात्र पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिन दोन दिवस दिलं. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं : इओसिनोफिल ५ टक्के. कमरेची रेघ नाही. भोरला यंदा सगळे गमबूट घालून लावणीला उतरले.

आत्याचं आणि माझं पूर्ण पटलेलं नाही. ग्लासगोच्या रिक मेझेल्स यांच्या गटानं उंदरातल्या एका कृमीनं सोडलेलं प्रथिन वेगळं काढलं आहे. ते शरीरातल्या शमन करणाऱ्या संदेशाची हुबेहूब नक्कल करतं. मला वाटतं, आमच्या कामाची वाट तीच आहे : जंताकडून त्याची विद्या घ्यायची, जंत घ्यायचा नाही. आत्या म्हणते, घ्या विद्या, पण आधी पाड्यावर संडास आणि पाणी पोचवा. यात ती बरोबर आहे, हे मी इथं लिहून ठेवते.

वाचकांना एक विनंती आहे. चालू असलेलं स्टेरॉईड स्वतःच्या मनानं बंद करू नका. पण तुमच्या रिपोर्टवर इओसिनोफिल वाढलेले असतील, तुम्ही कधी शेतात, चिखलात अनवाणी वावरला असाल आणि कुणी नव्यानं स्टेरॉईड लिहून दिलं असेल, तर पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा : स्ट्राँगिलॉइडिसची तपासणी झाली आहे का?